नोलीनच्या वेलीची बिअर

“ही बिअर नव्हे, मेंढ्या धुतलेलं पाणी आहे,” असं म्हणून क्लिफने ग्लासातली उरलेली बिअर टेबलावरच्या पत्र्याच्या बादलीत ओतली. “ज्याने कुणी केली असेल त्याने आधी भांडी घासायला शिकावं.”

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हुहाना हसली, त्यावरून ते पाणी तिचंच असणार हे मर्व्हिनने ताडलं.

न्यूझीलंडमधल्या आमच्या रिवाका गावात घरी बिअर बनवणारी आम्ही दहाबारा माणसं महिन्यातून एकदा बोल्स या हिरवळीवरच्या चेंडूच्या खेळाच्या क्लबच्या मागच्या खोलीत जमतो. मार्चमध्ये हॉपची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांची, तोडणी आटपत आली की एक खास बैठक होते. सगळ्यांनी एकाच पद्धतीची बिअर करायची, हॉप मात्र ज्याचा त्याचा वेगळा, आणि तो कुठला हे आधीच्या बैठकीत सांगून ठेवायचं. कुणाची बाटली कुठली हे कळू नये म्हणून प्रत्येकाने घरून मोजा आणायचा आणि तो बाटलीवर गळ्यापर्यंत चढवायचा. मग प्रत्येक बिअरबद्दल प्रत्येकाने खरं बोलायचं, स्वतःच्यासुद्धा, आणि बोलताना चेहरा कोरा ठेवायचा. पुढे गाडी चालवायची असते, म्हणून दोन घोट घेऊन उरलेली बादलीत. कौतुकाची आम्हांला सवय नाही. ‘वाईट नाही’ ही इथली सर्वांत मोठी पदवी.

मर्व्हिन थॉर्नने उभा जन्म शाळेची बस चालवली. बसमधल्या पोरांनी त्याला कधी फारसं मोजलं नाही, पण या टेबलावर त्याच्या नाकाला मान होता. कुणाचं अडलं की ग्लास त्याच्याकडे सरकायचा. “मर्व्ह, सांग रे, हा कुठला हॉप, मोटुएका की नेल्सन सॉव्हिन?” तो हुंगायचा आणि सांगायचा. बरोबरच असायचं.

गेल्या हिवाळ्यात त्याला ताप आला आणि तापाबरोबर नाकही गेलं. टोस्ट जळून कोळसा झाला तरी त्याला धूर दिसेपर्यंत पत्ता लागला नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीतर नाही येणार. त्याने हे कुणालाच सांगितलं नाही. बायको नोलीन जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात बोलायला रेडिओ होता, आणि महिन्यातली ही एक संध्याकाळ. नाकाशिवाय तिथे आपलं काय काम, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मग तो आधी दुसऱ्यांना बोलू द्यायला लागला. कुणी “लिंबू” म्हटलं की हा शांतपणे म्हणायचा, “लिंबूच. मागे जरा पेरू.” खपून जायचं.

एका ठिकाणी मात्र ही थाप चालत नव्हती. नोलीन तरुणपणी हॉप वाळवण्याच्या भट्टीवर कामाला होती. तिथल्या एका जुन्या वेलीचं मूळ तिने मागून आणलं आणि परसातल्या कुंपणाशी लावलं. त्या हॉपचं नाव तिलाही माहीत नव्हतं. दर मार्चला ती वेलीची हिरवी, कागदासारखी फुलं तळहातांवर चोळायची, पिवळी पूड हातांना चिकटायची, आणि हात धुवायच्या आधीच कार्डिगनच्या बाह्यांना पुसायची. मर्व्हिन ओरडायचा, ती हसायची. ती गेल्यावर तो निळा कार्डिगन कपाटात तसाच टांगलेला होता. करमेनासं झालं की तो दार उघडून बाहीत नाक घालायचा आणि ती तिथेच असायची. हिवाळ्यापासून बाहीत नाक घातलं की नुसती लोकर टोचायची.

म्हणून या वर्षी त्याने नोलीनच्या वेलीची बिअर केली. त्याला स्वतःला वास येणार नव्हता, पण बाकीचे हुंगतील, बोलतील, आणि त्यांच्या बोलण्यातून आपल्याला ती थोडी तरी परत मिळेल, एवढंच त्याला हवं होतं.

फुलं गेल्या तोडणीची होती, गराजमधल्या फ्रीझरात ठेवलेली. नाताळात, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, तो बहिणीकडे जाऊन राहिला, तेवढ्यात फ्रीझरचा फ्यूज उडाला. परत आल्यावर मासे आणि खिमा त्याने फेकून दिला, माश्या घोंघावत होत्या म्हणून कळलं तरी. हॉपची पिशवी उघडून पाहिली. फुलं हिरवी होती, कोरडी होती. त्याने ती ठेवून दिली.

“पुढची आणा!” क्लिफ ओरडला.

बाटली फिरली, ग्लास भरले गेले. मर्व्हिनने आपली ओळखली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसला.

पहिली हुहाना बोलली. हुहाना सफरचंदांच्या पॅकिंग शेडवर मुकादम होती आणि तिच्या जिभेला सगळी शेड टरकून असे. तिने हुंगलं, एक घोट घेतला, मग ग्लासाकडे पाहत राहिली.

“छान आहे,” ती म्हणाली. “लिंबाच्या सालीसारखी.”

मर्व्हिनला भरून आलं. लिंबाची साल. बरोबर, नोलीनच्या हातांना तसाच वास यायचा.

“छान आहे,” पुढचा म्हणाला.

“नाजूक आहे. फळांसारखी,” त्याच्या पुढचा म्हणाला.

“मला आवडली बुवा,” क्लिफ म्हणाला.

इथे मर्व्हिनच्या मनात पाल चुकचुकली. क्लिफला काही आवडलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्याने टेबलावर नजर फिरवली. सगळ्यांचे ग्लास रिकामे होते, तळापर्यंत, आणि बादलीला कुणी हात लावला नव्हता. मग त्याने बाटलीकडे पाहिलं. निघायच्या घाईत हाताला लागला तो मोजा त्याने ओढला होता. हिरव्या लोकरीचा, मरून टाचेचा, नोलीनने विणलेला. वर्षानुवर्षं या खोलीच्या दारात गमबूट काढून तो तेच मोजे घालून आत यायचा.

“क्लिफ, खरं सांग.”

“सांगितलं की.”

“स्वतःच्या पोरीच्या लग्नात तू केकला भुसा म्हणालास. खरं सांग.”

क्लिफने हुहानाकडे पाहिलं. हुहानाने ग्लास खाली ठेवला.

“जुनाट चीज, मर्व्ह,” ती म्हणाली. “आणि ओले बूट. हॉप खराब झालेत रे. अरे, पण तुला तर हे बाटली भरतानाच…” ती थांबली. “मर्व्ह, तुला वास येतो ना?”

“हिवाळ्यापासून नाही.”

मग क्लिफ म्हणाला, “म्हणजे माझ्या बिअरमध्ये पेरू आहे म्हणालास, तो?”

“ती थाप होती.”

“आणि मी गावभर सांगत सुटलो!”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मर्व्हिनने आपला भरलेला ग्लास उचलला आणि बादलीत ओतला.

“मग तुम्ही का नाही ओतलीत? मी काय पाहुणा आहे?”

“नोलीनची होती रे,” क्लिफ म्हणाला. “कशी ओतणार?”

मर्व्हिनला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं यांनी त्याच्या बिअरला गटार म्हटलं, डबकं म्हटलं, आणि तो आनंदाने घरी गेला. आज सगळ्यांनी गोड बोलून त्याला एकट्याला बाजूला बसवलं होतं. आणि लिंबाची सालही खोटीच होती.

“मला फक्त ऐकायचं होतं, कशी लागते ते,” तो म्हणाला.

“उद्या शेडवरून सुटले की येते मी,” हुहाना म्हणाली. “वेलीवरची ताजी फुलं हुंगून सांगते, जशी असतील तशी.”

“ये की.” त्याने मोजा काढून खिशात घातला.

सफरचंदांच्या बागांच्या कडेने तो चालत घरी आला. ऊन अजून कुंपणावर होतं आणि वेल फुलांनी लगडलेली होती. त्याने ओंजळभर फुलं तोडली, तळहातांवर चोळली, सवयीने हात नाकाशी नेले. काही नाही. हातांना पिवळी पूड मात्र चिकटली होती, भरपूर.

हात न धुता तो आत गेला. कपाट उघडून त्याने दोन्ही तळहात कार्डिगनच्या बाह्यांना पुसले, आधी उजव्या, मग डाव्या, ती पुसायची तसे. निळ्या लोकरीवर पिवळे डाग पडले. आता कपाटात वास भरला असणार. तो बाहेर जाऊ नये म्हणून मर्व्हिनने दार हलकेच लावलं, आणि नीट लागलंय ना, ते हाताने दाबून पाहिलं.