चांद्याची झापडं

झुंबरबाईनं दोरी जरा जोरात ओढली आणि ती तुटलीच. चांद्याच्या डोळ्यांवर बांधायची कातडी झापडं तिच्या हातात आली. झालं! महिन्याभरानं आज घाणा सुरू करायचा, करडई ओतून तयार, आणि आता बैल उघड्या डोळ्यांनी गोल फिरायचा कसा? त्याला भोवळ तरी येणार, नाहीतर पेंडीकडं तोंड वळवून तो उभा तरी राहणार. तळेगावात कुठलाच तेली झापडांशिवाय बैल जुंपत नव्हता.

ती गाठ मारायला बसली, तेवढ्यात चांद्या आपला आपण चालू लागला. एक फेरा, दोन फेरे, नेहमीच्याच चालीनं. तिनं पेंडीचा तुकडा त्याच्या डोळ्यांपुढं धरला. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. नाकाशी नेला तेव्हा कुठं जीभ बाहेर आली. मग तिनं त्याला थांबवून नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर सायीसारखा पांढरा पडदा होता.

चांद्याचं सगळं तिचा नवरा करायचा, तात्याबा. पहाटेच्या अंधारात जुंपायचा, झापडं बांधायचा, दुपारी नदीवर पाण्याला न्यायचा. कासरा म्हणून कधी धरला नाही पठ्ठ्यानं. स्वतः खाकरत पुढं चालायचा आणि बैल मागून यायचा. माझा बैल बिनकासऱ्याचा, असं साऱ्या आळीला ऐकवायचा. गेल्या वर्षी त्याची स्वतःची नजर मंदावली. महिन्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर आता परत येणार नाही. एसटीतून उतरला तो थेट बाजेवर पडला, भिंतीकडं तोंड करून. परसात जायचं तरी अंधाराची वाट बघायचा; आपण चाचपडताना कुणाला दिसू नये म्हणून. आधी अर्धी भाकरी खायचा, काल तर चतकोरावर हात धुतला. हा माणूस असाच भिंतीकडं बघत जाणार, या धास्तीनं झुंबरबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

ती आत गेली.

"अवं, चांद्याला दिसत न्हाई."

"झापडं बांधल्यावर कसं दिसंल?"

"झापडं माझ्या हातात हायेत. दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय त्याच्या. लई दिसांचं."

बाज करकरली. भिंत धरत धरत तात्याबा भर उन्हात घाण्यापाशी आला. बैलाचं तोंड चाचपत त्याचा हात डोळ्यापर्यंत गेला. बोट टेकेपर्यंत चांद्याची पापणी लवली नाही.

"दोन सालांमागं नदीच्या उतारावर धोंडा पडला व्हता," तात्याबा म्हणाला. "मी वळसा घालायचो, तवा ह्यो बी धोंड्याकडं न बघता माझ्या मागनं तिथंच वळायचा. मला वाटायचं, किती माया." त्याचा हात बैलाच्या डोळ्यावरच राहिला. "माझ्या खाकरण्यावर चालत व्हता गं ह्यो. आन् घाण्याला एका दिसाचा खाडा न्हाई."

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. एवढ्याशा अंगणात, रोज डोळ्यांसमोर, आणि आपल्याला पत्ता नाही!

तिनं जू उतरवलं. पाण्याची वेळ झालीच होती. चांद्या आपणहून आळीच्या तोंडाशी गेला आणि कान टवकारून उभा राहिला. महिनाभर तो गोठ्यातच बादलीचं पाणी पीत होता, पण ही वेळ काही विसरला नव्हता. तात्याबा त्याच्यापाशी गेला. खाकरायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग बैलाच्या वशिंडावर हात ठेवला.

"तू हो पुढं," तो बायकोला म्हणाला.

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. बाजाराला असो, देवाला असो, झुंबरबाई कायम नवऱ्याच्या चार पावलं मागं चालली होती. समोर पारावर चारचौघं बसलेले. तिनं पदर सावरला आणि पुढं झाली. हळूच खोकल्यासारखं केलं. मागं कुणीच हललं नाही.

मग पारावरच्या माना वळतील इतक्या मोठ्यानं झुंबरबाई खाकरली, आणि तिच्या मागं सहा पाय चालू लागले.