लाकडी उलथणं

न्हाणीघरातल्या नळाचा दांडा अण्णांची बायको लाकडी उलथण्याने ढकलायची. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तिने सतरांदा सांगून पाहिलं होतं. "तुझ्या मनाचे खेळ! मला बरा कधी शॉक बसत नाही?" असं म्हणून अण्णांनी ते उडवून लावलं. वर आल्यागेल्यापुढे त्या उलथण्यावरून तिची टर उडवायचे, ते वेगळंच.

गीझर गळायला लागला, तेव्हा कुठे नवा आणला. जुना उतरवताना वायरमन चरकला. "कॉइल फुटलीय, अर्थिंगची वायरही तुटलीय. नळात करंट येत असणार! तुम्हाला कधी शॉक कसा नाही बसला, अण्णा?"

"कसा बसेल?" बायको दारातूनच म्हणाली. "त्यांची बादली रोज मी भरून ठेवते."

वायरमनने नवा गीझर बसवला, तपासला आणि म्हणाला, "आता बिनधास्त नळ सोडून बघा."

अण्णांनी हात पुढे केला. तो नळापाशी जाऊन थबकला, पुढे जाईचना.

बायकोने उलथणं त्यांच्यासमोर धरलं. अण्णांनी ते घेतलं.