थुंकी कुणाची?

मी बाटली बोलतेय. बोटभर उंचीची, काचेची, रबरी बुचाची. जवळ येऊन ऐका, पण बुचाला हात लावू नका. मला कुणाचाच भरवसा नाही.

जन्माने मी पेनिसिलीनची. ज्या पहिल्या दवाखान्यात गेले, तिथल्या कंपाउंडरने माझ्यातलं औषध एकाला टोचलं आणि वहीत नाव दुसऱ्याचंच लिहिलं. तेव्हापासून कागदावरचं नाव दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

रिकामी झाल्यावर मी वर्ध्याच्या डॉक्टर शरयूबाईंच्या हाती पडले. त्यांनी मला उकळून, वाळवून, पोटावर कोरी चिठ्ठी डकवली. बाई तंबाखू खाणाऱ्यांची लाळ गोळा करत होत्या. लाळेत विकरं असतात, एवढं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण तोंडातल्या पेशी बिघडायला लागल्या की त्यांच्यातली काही विकरं लाळेत जास्त उतरत असावीत, असा बाईंचा अंदाज. तसं असेल, तर कर्करोगाची चाहूल आधीच लागेल. त्या स्वतःच म्हणायच्या, "लाळ नुसता इशारा देते. पक्कं सांगायला तुकडाच काढून तपासावा लागतो."

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या मला बर्फाच्या डब्यात घालून हिंगणघाटजवळच्या एका गावी घेऊन गेल्या. तिथे चिंधू राहायचा. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी दाबायचा आणि वीस वर्षं गालात तंबाखू-चुना धरून होता. बाईंनी बॅटरी काढली तसं त्याने तोंड घट्ट मिटलं. चार माणसांत जबडा उघडायचा नाही म्हणाला. मग बाईंनी माझ्यावर त्याचं नाव लिहिलं आणि मला त्याच्या हातात दिलं. "चूळ भरा आणि थोड्या वेळाने यात थुंका."

"बाईमाणसासमोर नाई थुकत," म्हणत तो मला घेऊन भिंतीआड गेला. मला तेव्हाच संशय आला.

आत त्याची बायको धुरपता चुलीपाशी बसली होती. त्याने मला तिच्यापुढे धरलं. "तूच थुक यात."

"मी काऊन? नाव तं तुमचं हाय."

"आपली थुंकी दुसऱ्याच्या हाती गेली का करणी होते. मी नाई देत."

धुरपता त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे करणी मले लागली तं चालते?"

त्याने मला तिच्या तोंडाशी नेलं. ती मुकाट्याने थुंकली. मला इतकी शरम वाटली की बूच उडवून ओरडावंसं वाटलं. पण काचेला कुठला आवाज!

प्रयोगशाळेत बाईंनी मला खिडकीसमोर धरलं. वीस वर्षं तंबाखू खाणाऱ्याची लाळ इतकी नितळ? वास नाही, रंग नाही. विकरांचा आकडाही साधा निघाला. बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं, पण गावात निरोप मात्र गेला, की लाळ चांगली आहे, तरी तोंड दाखवायला या.

चिंधूने निरोपाचा पहिला भागच ऐकला. जिनिंगच्या फाटकापाशी सांगत सुटला, "दवाखान्यानं पास केलं मले!" आणि तंबाखूची चिमूट वाढवली.

पास कोण झालं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण घोर एकट्या धुरपतालाच लागला होता. तो ठेचा बाजूला सारायचा, भाकरी दुधात कुस्करून गिळायचा. विचारलं की खेकसायचा, "डॉक्टरीनबाईपेक्षा तुले जास्त समजते?" पंधरा दिवस तिने हे पाहिलं. मग एका सकाळी एकटीच एसटीत बसून ती वर्ध्याला आली. मी तिथेच फळीवर होते, हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलं.

"थे थुंकी ह्यायची नोती बाई," ती हात जोडून म्हणाली. "माह्यी होती. मले काय शिक्षा करायची थे करा, पण ह्यायचं तोंड पाहा."

बाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तिला आधी पाणी दिलं. मग माझ्यावरचं चिंधूचं नाव खोडून धुरपताचं लिहिलं आणि त्याच दिवशी तिच्यासोबत गावी गेल्या. या खेपेला चिंधूला तोंड उघडावंच लागलं. दोनच बोटं मावतील एवढं उघडलं. आत पांढरा चट्टा होता, मधोमध लाल जखम. त्याची खरी लाळ दुसऱ्या बाटलीत आली, तिच्यात आकडा चढलेला होता. तुकडा तपासला, तोही वाईट निघाला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. डावा गाल बसला, बोलणं बोबडं झालं, पण माणूस वाचला.

याला आता पाच वर्षं झाली. मला चीर गेलीय, म्हणून नवं काही भरत नाहीत. खोडलेलं नाव आणि खालचं नाव, दोन्ही पोटावर घेऊन मी बाईंच्या खिडकीत बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. बाटली बघा, चिठ्ठी बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. माणसाला तोंड उघडायला लावा.

दर सहा महिन्यांनी ती दोघं तपासणीला येतात. बाई नवी बाटली देतात. चिंधू अजूनही सवयीने भिंतीकडे वळतो.

"इकडे तोंड करा," धुरपता म्हणते. "माह्यासमोर."

तो वळतो, थुंकतो. ती आधी बाटलीत बघते, मग त्याच्या तोंडात बघते, आणि मगच बूच लावते.