तळघरातला लाल सिलिंडर

मला ओळखायला तुम्हाला वेळ लागणार नाही, मित्रांनो. अंग लाल, खांद्यावर काळा पट्टा, डोक्यावर दाबायची मूठ. आग विझवायच्या सिलिंडरांपैकी मी एक, आणि वयाने त्यांतला थोरला. माझ्या पोटात पाणी नाही, पावडर नाही. दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड असतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

कारखान्यात माझ्या गळ्यावर तारीख ठोकली गेली आणि मी इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात एका वाचनालयाच्या भिंतीवर लागलो. चौदा वर्षं तिथे होतो. आग एकदाही लागली नाही. दरवर्षी एक बाई यायच्या, मला उतरवून वजन करायच्या आणि "ठणठणीत आहे" म्हणून चिठ्ठी लावायच्या. तेवढंच माझं कौतुक, पण मी त्यावर वर्षभर ताठ उभा राहायचो. पुढे नवे सिलिंडर आले आणि मला मागच्या अंगणात भंगारात टाकलं. तिथून मला क्लाइव्हने उचललं. जुन्या इमारती रिकाम्या करून देणं हा त्याचा धंदा.

क्लाइव्हचा जुना दोस्त विल्फ. तारेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली, चढावरच्या दगडी आळीत टिंकर नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर एकटा राहायचा. तळघरात बिअर करायचा. आता बिअर घरी करणं स्वस्तच, पण ती पबसारखी नळातून फेसाळत यायची तर पिंप लागतं आणि गॅस लागतो. गॅसवाले सिलिंडर भाड्याने देणार, पबचा पुरवठेदार घरी देणार नाही. तिथे विल्फची गाडी अडली होती. सरबताच्या कारखान्याने टाकून दिलेलं एक पोलादी पिंप त्याने मिळवलं होतं. गॅस तेवढा राहिला होता.

"बघ म्हाताऱ्या, काय आणलंय," क्लाइव्ह मला पायऱ्यांवरून उतरवत म्हणाला. "भरलेला आहे. आणि फुकट."

"फुकट? मग यात खोट काय आहे?"

"खोट तुझ्या डोक्यात आहे. याची फक्त तपासणीची तारीख उलटून गेलीय."

"तारीख माझीही उलटून गेलीय," विल्फ म्हणाला. "चालतोय ना मी?"

दोघं हसले. मला तेव्हाही हसू आलं नाही.

माझ्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते. सरळ उभा केला तर माझ्यातून द्रवरूप, गोठवणारा गॅस येतो. म्हणून विल्फने मला लोखंडी घोडीत उलटं टांगलं. जन्मभर पहाऱ्यावर ताठ उभा राहिलेला मी, डोकं खाली करून बिअरच्या सेवेला लागलो. पण खरं सांगतो, मला ते आवडलं. रविवारी दुपारी जेवणाआधी कारखान्यातले चार म्हातारे यायचे, नळ सोडायचे, फेस बघून माना डोलवायचे. "पबवाला रडेल रे विल्फ," असं म्हणायचे. टिंकर त्यांच्या बुटांमध्ये लोळायचा. वाचनालयात मला कुणी हात लावायचं नाही. इथे विल्फ जाता-येता मला थोपटायचा.

माझं पोट रिकामं झालं की क्लाइव्ह मला एका माणसाकडून भरून आणायचा. त्या माणसाने माझ्या गळ्यावरची तारीख कधी वाचली नाही.

त्या नोव्हेंबरात कडाक्याची थंडी पडली. तळघराला रस्त्याच्या बाजूने कोळसा टाकायची जाळी होती. तेवढीच तिथे वारा यायची वाट. बिअर गारठू नये म्हणून विल्फने तिच्यात जुनी रजई गच्च कोंबली. शुक्रवारी क्लाइव्ह मला भरून घेऊन आला. माझ्या तोंडाशी रेग्युलेटर बसतो तिथे एक वायसर असतो, आणि तो दर वेळी नवा घालायचा असतो. विल्फने जुनाच पुसून बसवला आणि पान्ह्याने आवळला.

"साबणाचं पाणी लावून बघ. बुडबुडा येतोय का बघ," क्लाइव्ह म्हणाला.

"लावतो रे. तू काय माझी बायको आहेस?"

"असतो तर केव्हाच पळून गेलो असतो."

क्लाइव्ह गेला. तेवढ्यात वर फोन वाजला, लेक बेव्हर्लीचा. विल्फ बोलत बसला आणि साबणाचं पाणी राहून गेलं.

बुडबुडा येत होता, मित्रांनो. मला कळत होतं. शनिवारभर मी थेंबाथेंबाने रिकामा होत होतो, आणि माझ्यातून निघालेलं वर जात नव्हतं, बाहेर जात नव्हतं. फरशीवर साचत होतं. आधी पहिली पायरी बुडाली, मग दुसरी. काही दिसत नव्हतं. माझी सुरसुर इतकी बारीक होती की विल्फच्या म्हाताऱ्या कानांना ती ऐकू आली नसती. मी आयुष्यात कधी कुणाला घाबरवलं नव्हतं. त्या दिवशी मला माझीच भीती वाटली.

रविवारी सकाळी विल्फ चव बघायला खाली आला. टिंकर नेहमीसारखा पुढे धावला. मधल्या फरशीपर्यंत गेला, दोनदा लटपटला आणि आडवा झाला.

विल्फ उभा होता. त्याचं नाक अजून वर होतं. तो नुसता मागे वळला असता, पायऱ्या चढला असता, तर वाचला असता.

"टिंकर, ऊठ. लोळायची वेळ आहे का ही?" तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "काय झालं रे माझ्या राजा?"

तो वाकला. दोन्ही हात कुत्र्याच्या पोटाखाली घातले आणि त्याला उराशी धरलं. पुन्हा उठला नाही.

दुपारी चौघं म्हातारे आले, दार वाजवून कंटाळले, "गेला असेल लेकीकडे" म्हणत परतले. बेव्हर्ली आली ती मंगळवारी. तोवर तळघराच्या उघड्या दारातून माझं पाप हळूहळू वर विरून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय शहात्तर, हृदय थांबलं. आणि कुत्रा? धनी गेला म्हणून त्याने दुःखाने प्राण सोडला. साऱ्या आळीने डोळे पुसले. गावच्या साप्ताहिकात दोघांचा फोटो छापून आला. असं इमान माणसातही नसतं, असं लोक अजून सांगतात. टिंकर आधी गेला, हे एकट्या मला ठाऊक आहे.

घर रिकामं करायला क्लाइव्हच आला. त्याने मला घोडीतून काढलं आणि थबकला. मी हलका होतो.

"अरे, हा तर शुक्रवारी भरून आणला होता," तो पुटपुटला. त्याने रजई कोंबलेल्या जाळीकडे पाहिलं. आता कळेल याला, आता कळेल.

"सगळा पिऊन गेलास की रे, म्हाताऱ्या," क्लाइव्ह म्हणाला, बाहीने नाक पुसलं आणि मला गाडीत टाकलं.

आज रविवार आहे. मोकळ्या मैदानात गाड्यांच्या डिक्क्या उघडून जुना बाजार भरलाय, आणि एका तरुण जोडप्याने मला आत्ताच घेतलं. त्यातल्या तरुणालाही घरी नळाची बिअर करायची आहे. "भरून देणारा माझ्या ओळखीचा आहे," क्लाइव्ह त्यांना म्हणाला. "तारीखबिरीख विचारत नाही."

"कुठे ठेवायचं हे धूड?" तिने विचारलं.

"जिन्याखालच्या कपाटात," तो तरुण म्हणाला. "दार लावलं की दिसणारही नाही."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्या गळ्यावरची तारीख वाचा. वायसर नवा घाला, साबणाचं पाणी आजच लावा, वारा यायची वाट बुजवू नका. आणि माझ्याजवळ कुणी पडलेलं दिसलं, मग ते कितीही लाडकं असो, तर वाकू नका. आधी बाहेर पळा, दारं उघडा, माणसं बोलवा.

त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर एक लहान मूल झोपलं आहे. मी गडगडू नये म्हणून त्यांनी मला त्याच्या शेजारी ठेवून पट्टा लावला आहे.