बिनतळाचं ओगराळं

सायो डोंगरातली, बादल्या-पिंपं करणाऱ्याची लेक. गळकं भांडं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. सासऱ्यांच्या होडीत पाणी उपसायचं, तळ फुटलेलं एक लाकडी ओगराळं पडून होतं. कुणाला न विचारता तिनं काल त्याला चकती ठोकून बसवली. थेंब गळत नव्हता. आज समुद्रावर सासऱ्यांना दाखवू, शाबासकी मिळेल, अशा आशेवर होती, वेडी.

भरदुपारी धुकं उतरलं. दोघं वल्ही मारत होती, पण होडी जागची हलेना. मग होडीच्या काठावर हात दिसू लागले. पांढरे, पाण्यानं फुगलेले.

"ओगराळं द्या... ओगराळं द्या..."

"बुडालेले आहेत," सासरे तोमेझो पुटपुटले. "घेतल्याशिवाय सोडत नाहीत, आणि दिलं की त्यानंच पाणी भरून होडी बुडवतात. घाबरू नकोस, फुटकं त्यासाठीच ठेवलंय." त्यांनी ओगराळं उचललं. बोटं चकतीला लागली आणि त्यांचा चेहरा पडला. "हे कुणी केलं?"

"मी, मामंजी."

"कर्म माझं! कारागिरी दाखवायला हेच सापडलं तुला?"

सायोनं ओगराळं हिसकावलं, पालथं घातलं आणि नांगराच्या दगडानं ठोकू लागली. चकती ढिम्म. बापानं शिकवलेल्या कामाचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. होडी एका अंगाला कलली.

"सायो, मला दे."

शिनकिची. तिचा नवरा, गेल्या थंडीत बुडालेला. तिचा हात थांबला. आहे तसंच त्याला द्यावं आणि त्याच्यामागे जावं, असं तिला खरंच वाटलं. मग एकटाच वल्हं रेटणारा म्हातारा दिसला. तिनं जीव खाऊन दगड हाणला. चकती उडाली.

तिनं डोळे मिटून ओगराळं पुढं केलं. उघडले तेव्हा ते शिनकिचीच्या, वाकड्या करंगळीच्या हातात होतं. बाकीचे हात काठ सोडून त्याच्यावर तुटून पडले, पण त्यानं कुणालाच दिलं नाही. तो एकटाच भरत होता, ओतत होता. होडीत थेंबही पडत नव्हता. तोमेझोंनी वल्हं रेटलं आणि होडी सुटली.

किनाऱ्याला लागल्यावर सायो वाळूत बसून ढसाढसा रडली. "मामंजी, मी ह्यांना फसवलं हो."

तोमेझोंनी वल्हं वाळूत टेकवलं.

"त्याला तू काय फसवणार, पोरी? त्या ओगराळ्याचा तळ त्यानंच फोडला होता, लग्नानंतर, तू पहिल्यांदा होडीत बसलीस त्या दिवशी."