मास्तरांचा अंदाज

त्या रविवारी सकाळी दहाच्या आत बाबांनी तीन गाड्या लावल्या होत्या आणि त्यांतली एकही आमची नव्हती.

लावल्या म्हणजे चालवल्या नव्हेत. स्टिअरिंगला त्यांनी उभ्या जन्मात हात लावला नाही. बत्तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते, बरीचशी लातूर–निलंग्याला आणि शेवटची काही देगलूरच्या गाडीवर. बस मागे घेताना खाली उतरून शिट्टी मारणं हेच त्यांच्या मते कंडक्टरचं खरं काम. "तिकीट काय, कुणीबी फाडतंय," ते म्हणायचे. "डायव्हर म्होरचं बघतो. मागचं सगळं आपल्या भरवशावर." छोट्या छोट्या शिट्ट्या म्हणजे येऊ दे, एक लांब शिट्टी म्हणजे थांब. बत्तीस वर्षांत त्यांच्या शिट्टीवर मागे आलेल्या एकाही बसला ओरखडा पडला नव्हता. एसटीतली माणसं कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून अपार्टमेंटमध्येही ते मास्तरच होते.

औसा रोडवरच्या आमच्या या अपार्टमेंटला मास्तरांची गरजही होती. बिल्डरने आधी खांब उभे केले असावेत आणि मग त्याला पार्किंग आठवलं असावं. नऊ गाड्या, अकरा खांब. प्रत्येकाने गाडी मागे घेऊनच लावायची, हा बाबांचा नियम. "सकाळी माणूस घाईत असतो, संध्याकाळी नसतो. मागं यायचं काम संध्याकाळीच उरकून ठेवायचं." दुसरा नियम, मागे येणाऱ्याला हॉर्न द्यायचा नाही. तो आधीच घाबरलेला असतो. आणि तिसरा, सगळ्यात कडक: गाडी मागे घेणाऱ्याने डाव्या आरशात मास्तरांकडे बघायचं. मास्तर दिसेनासे झाले की ब्रेक.

माणसाचा स्वभाव गाडी मागे घेताना कळतो, असंही त्यांचं म्हणणं होतं. सोसायटीचे अध्यक्ष रेणुकादास काका, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, दार उघडून अर्धे बाहेर लोंबकळायचे आणि मागे बघता बघता चाक उलटं वळवायचे. "सर, पाय आत घ्या. मान बाहेर राहू द्या. दोन्ही बाहेर आल्यावर गाडीत कोण राहील?" राजश्री वहिनी घरी शिकवण्या घ्यायच्या. त्या रिव्हर्स टाकायच्या आधी रेडिओ बंद करायच्या, चष्मा पुसायच्या आणि गाडीतल्या सगळ्यांना गप्प बसवायच्या. बियाण्यांच्या दुकानवाल्या पंढरीची गाडी सर्वांत मोठी. मागे येताना ती एक ट्यून वाजवायची आणि पंढरी एक हात बाहेर काढून झपकन यायचा. त्याला बाबा शिट्टी मारायचेच नाहीत. सरळ मागे जाऊन उभे राहायचे. "मला चिरडायची हिंमत न्हाई त्याच्यात. आपोआप थांबतंय."

मी नांदेडला कॉलेजात शिकवते. एकाआड एक शनिवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला यायचे आणि रविवारी परतायचे. नांदेडला मास्तर लागत नाहीत, कारण तिथे सगळेच मास्तर. वजिराबादेत गाडी मागे घ्यायला लागलं की फळवाला, रसाचा ग्लास हातात धरलेला कुणी, रस्ता ओलांडणारा आणखी कुणी, सगळे मिळून "आने दो, आने दो" सुरू करतात आणि धाड आवाज झाल्यावर एकमुखाने "बस!" म्हणतात. बाबांनी हा प्रकार एकदा मागच्या सीटवरून पाहिला होता. "आदळायच्या आधी म्हणायचं असतं बस," ते म्हणाले आणि चाकूर येईपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

मागच्या सीटवरून, कारण ते पुढे कधी बसलेच नाहीत. डावीकडे मागे, दाराशी, ही त्यांची जागा. दिवाळीत मी नवी गाडी घेतली. रिव्हर्स टाकला की तिच्या पडद्यावर मागचं चित्र येतं आणि हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेषा उमटतात. बाबा गेटवरच उतरून मागे जायचे, त्यामुळे तो पडदा त्यांना कधी दिसला नाही. मी सांगितलंही नाही. सांगू कधीतरी, म्हणून राहून गेलं.

त्या रविवारी आम्ही तिघं गंजगोलाईच्या बाजारात गेलो होतो. आईला पितळेचं झाकण हवं होतं, ते मिळालं नाही. बाबांनी तेवढ्यात एका अनोळखी टेम्पोला गल्लीत मागे घालून दिलं आणि टेम्पोवाल्याने दिलेली तंबाखू नाकारली. "ड्यूटीवर खात न्हाई."

"निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली," आई म्हणाली.

"म्हनून काय झालं."

साडेबाराला घरी आलो. बाबा उतरले, आई पिशवी घेऊन बाजूला उभी राहिली आणि मी चार नंबरच्या खांबाशेजारी गाडी मागे घेऊ लागले. छोट्या शिट्ट्या चालू होत्या. मी आरशात बघत नव्हते. पडद्यावर बघत होते. रेषा पिवळी होती, म्हणजे अजून जागा होती. लांब शिट्टी झाली. मी ती ऐकली. रेषा मात्र तांबडी झाली नव्हती, आणि मी रेषेवर विश्वास ठेवला. चार नंबरच्या खांबाला खालच्या बाजूला सिमेंटचा फुगवटा आहे, तो कॅमेऱ्याला दिसत नाही. बाबांना दिसत होता.

करर्र असा आवाज झाला.

"लागली?" आई म्हणाली.

वरच्या गॅलरीतून पंढरी ओरडला, "मास्तर! विकेट पडली की ओ तुमची!"

बाबा बंपरपाशी बसले होते. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी ओरखडा पुसून पाहिला. तो पुसण्यातला नव्हता. मग उठून, वर बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझाच अंदाज चुकला."

मी गिअर काढला, पडदा काळा झाला. तेव्हा मला बोलता आलं असतं. मी खाली उतरून गाडीला कुलूप लावलं.

जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही. "शिट्टी वीतभर आधी मारायला पायजे व्हती."

"जेवा आता गुमान," आई म्हणाली. "डेपोतून मेमो येणार हाय का?"

"बत्तीस वर्षं, चांगुणा. एक वरखडा न्हाई."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "जाऊ द्या ना, बाबा. होतं असं." म्हणजे चूक माझी, आणि मी त्यांना माफ करून मोकळी झाले.

चार वाजता मी निघाले. गाडीचं तोंड बाहेरच होतं, तरी बाबा रस्त्यावर जाऊन एक रिक्षा थांबवून उभे राहिले. सोमवारी सकाळी सव्वासातला राजश्री वहिनींचा फोन आला. बाबांनी आंघोळीला पाणी काढलं होतं, म्हणाल्या. ते तसंच राहिलं.

त्या दिवशी निलंग्याकडून, देगलूरकडून, डेपोतून माणसं आली. ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने गाडी घुसवली, तोंड आत करून. वैकुंठरथ आला तेव्हा गेटात हलायला जागा नव्हती. पंढरी रडत रडत गाड्या मागे घ्यायला लावत होता. रेणुकादास काका दुसऱ्याच कुणाला तरी डावीकडे, डावीकडे सांगत होते, आणि जो तो आपापल्या डावीकडे वळत होता. बाबांचे जुने ड्रायव्हर रामकिशन काका कठड्यावर बसून हे सगळं बघत होते. "ह्यो जर आता उठला तर एकेकाला खाली उतरवतोय," ते मला म्हणाले. मला हसू आलं. बाबांना बाहेर न्यायला पाऊण तास लागला.

पुढच्या पाच आठवड्यांत मी दर शनिवारी आले. आईकडे कुणी ना कुणी बसलेलं असायचं आणि आई प्रत्येकाला तेच सांगायची. "काय दुखणं न्हाई, खुपणं न्हाई. फक्त आदल्या दिवशी गाडी लागली ती मनाला लावून घेतली बगा. दुपारी दोनदा खाली जाऊन पावलं मोजून आले." समोरचा मान हलवायचा. वय झालं की अंदाज चुकतोच, म्हणायचा. मी चहा करायला आत जायचे.

पार्किंगचे मात्र हाल होते. रेणुकादास काकांच्या गाडीचा मागचा दिवा फुटला. राजश्री वहिनींनी गाडी बाहेर रस्त्यावरच लावायला सुरुवात केली. पंढरीने तीन नंबरच्या खांबाचं प्लास्टर काढलं आणि खांबच पुढे आलाय असा दावा केला. शेवटी एका रविवारी सकाळी काकांनी खालीच खुर्च्या मांडून मीटिंग बोलावली. आईला पहिल्या रांगेत बसवलं. मी तिच्या शेजारी बसले.

"विषय एकच," काका म्हणाले. "चाकं अडवायला जमिनीवर रबरी ठोकळे बसवणे."

"ठोकळ्यानं काय व्हतंय?" पंढरी म्हणाला. "माझी गाडी ठोकळ्यावर चढंल."

"तुमची गाडी जिन्यानेही चढेल," राजश्री वहिनी म्हणाल्या. "प्रश्न आमच्या गाड्यांचा आहे."

"वहिनी, तुमची गाडी हाय कुठं? ती तर रोडवर ऱ्हाती."

"तुमच्यामुळेच राहते."

आईसुद्धा हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच.

काकांनी इतिवृत्ताची वही उघडली. ठराव त्यांनी घरूनच लिहून आणला होता. त्यांचं अक्षर सुंदर आहे आणि वाचायची त्यांना आवड आहे. "सोसायटीचे सन्माननीय सभासद कालकथित नागसेन मास्तर यांनी नऊ वर्षे केलेल्या निःस्वार्थ सेवेबद्दल ही सभा कृतज्ञता व्यक्त करते. तथापि, वाढत्या वयात अनुभवी व्यक्तीचाही अंदाज चुकू शकतो, हे त्यांच्याकडून अखेरच्या दिवसांत घडलेल्या अपघातावरून दिसून आल्याने, यापुढे व्यक्तीवर अवलंबून न राहता..."

आई मान हलवत होती. तिला ते चांगलंच वाटत होतं. त्यांचं नाव आलं होतं, सन्माननीय आलं होतं.

"काका," मी म्हणाले, "ते वाक्य खोडा."

"कुठलं गं? निःस्वार्थ?"

"अंदाज चुकल्याचं."

काकांनी चष्मा काढला. "धम्मप्रिया, त्यात कमीपणा नाही. मोठ्या आदरानेच लिहिलंय मी."

"आदर आहे. पण खोटं आहे."

"ताई, म्या सोता बघितलंय वरून," पंढरी म्हणाला. "मास्तरच म्हनले, माझा अंदाज चुकला."

"म्हणाले, कारण मी गप्प बसले होते." माझा आवाज वर्गात असतो तसा निघाला, त्याबद्दल मला बरं वाटलं. "माझ्या गाडीत मागचं दाखवणारा कॅमेरा आहे, पंढरीदादा. त्या दिवशी मी त्याच्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. शिट्टी वेळेवर झाली होती. मी ती ऐकली आणि थांबले नाही."

काकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग वहीवर वाकून ते वाक्य एकदा आडवं आणि वरून पुन्हा एकदा, असं नीट खोडलं.

आई माझ्याकडे वळली. रागावली असती तर सोपं झालं असतं.

"मंग तवाच का न्हाई बोललीस, माय?" तिने विचारलं. "जीव ताळ्यावर आला असता गं त्यांचा. पावलं मोजीत बसले व्हते."

"कॅमेऱ्याचं सांगावं लागलं असतं."

"मंग सांगायचं. त्यात काय?"

"मग ते मागे उभे राहिले नसते, आई." सगळे ऐकत होते, पण मी तिलाच सांगत होते. "मला गाडी मागे घेता येते. नांदेडला रोज घेते, एकटीच. त्यांना जितकी एसटी कळत होती तितकी माझी गाडी मला कळते. नऊ वर्षं झाली, मला त्यांच्या शिट्टीची कधीच गरज नव्हती. मला फक्त ते तिथे उभे राहिलेले आवडायचे."