सगळ्यांचे पाचपैकी पाच

जठारपेठेत माझा शिवणकारखाना आहे. आम्ही बायका मिळून शाळेचे गणवेश शिवतो. गेल्या वर्षी माल उशिरा गेला, तेव्हा शाळेने बजावलं, यंदाही तेच झालं तर काम दुसऱ्याला देऊ. ते काम गेलं की कारखान्याला कुलूपच.

अशात अमरावतीहून अदिती आली. कॉलेजात मॅनेजमेंट शिकवते, पीएचडी करते. तिने बायकांना फॉर्म वाटले. काम आवडतं का, मालकीण ऐकून घेते का, पाचपैकी गुण द्या. सगळ्यांनी सगळीकडे पाच दिले. देणारच! मी तिथंच उभी, आणि परक्या पोरीसमोर घरची उणीदुणी कोण काढतं? मॅडमनी त्यावर लेख छापला : आदर्श कारखाना. वाचून माझं डोकं फिरलं.

"आदर्श आहे तं माल अडकून काहून राहिला?" मी फोनवर ओरडले. "तुमचं शास्त्र घाला चुलीत!"

वाटलं, आता ही तोंड दाखवत नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात हजर. "लेख चुकला, तसं छापणाऱ्यांना कळवलंय मी," म्हणाली. "आज फॉर्म नाहीत. फक्त तुम्ही बाहेर जा, आपा."

माझ्याच कारखान्यातून मला! तणतणत बहिणीकडे गेले. संध्याकाळी परतले, तर ही बाई सगळ्यांत बसून बटणं लावतेय, बोटाला चिंधी बांधलेली.

"आपा, माल शिलाईत अडकत नाही," ती चाचरत म्हणाली. "तुमच्या टेबलावर अडकतो. प्रत्येक शर्ट तुम्हीच तपासता. तुम्ही बाजारात गेलात की ढीग तसाच. अडतं कुठे ते शोधायला मला पुस्तकानं शिकवलं, पण दाखवलं या बायकांनी."

राग आला. खोटं कशाला सांगू, रडूही आलं. अब्बा गेल्यावर याच दोन डोळ्यांच्या भरवशावर मी सगळं सांभाळलं होतं. पण ढीग समोरच होता.

तानुबाई सगळ्यांत जुनी. तिला म्हटलं, "उद्यापासून तपासणी तुमच्याकडे."

"माह्याच्यानं चुकलं तं, आपा?"

"चुकलं तं चुकलं. माह्याच्यानं बी चुकते."

शाळा उघडायच्या आत माल पोचला. अदितीने पुन्हा फॉर्म वाटले. या वेळी मी आपण होऊन बाहेर गेले. नंतर तिने नावं झाकून दाखवले. मालकीण ऐकून घेते का? कुणाचे चार, कुणाचे तीन. एकीने सरळ एक दिला होता आणि खाली लिहिलं होतं, चहात साखर टाकत नाही.

"वाईट वाटलं?" अदितीने विचारलं.

"नाही. आता खरं बोलून राहिल्या त्या."

एक कुणी दिला, हे विचारायला जीभ वळवळली. ती चावून धरली, आणि चहात साखर वाढवली.